शंभरातले नव्वद

(मंडळाच्या वर्धापनदिनी ईट येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय असावा तो एखाद्या संताच्या चरित्राचा, मुलांच्या संगोपनाचा, नाहीतर आहाराचा, अशी आपली रीत आहे. मी मात्र आज विषय घेतला आहे जुगारातल्या हिशेबाचा. हे ऐकून काहीजणींनी एकमेकींकडे पाहिले, ते माझ्या ध्यानात आले. पण थोडे थांबा. जुगार वाईट, हे सांगण्यासाठी मी उभी राहिलेली नाही. ते आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? ते आपल्या आजीला ठाऊक होते, तिच्या आजीलाही ठाऊक होते. तरी जुगार थांबला नाही. कारण आपण नेहमी बोल लावतो, हिशेब मांडत नाही. आज आपण हिशेब मांडू या.

या हिशेबाचे निमित्त एका भगिनीने दिले. तिचे नाव-गाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. तिच्या घरी दोन म्हशी. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते, ते घरधन्याच्या हाती पडते आणि त्यातले बरेचसे आकड्यावर जाते. ती बोलली की त्याचे उत्तर ठरलेले: “अगं, शंभर लावले तर नव्वद परत येतातच. दहा रुपयांची करमणूक मी करू नये काय?” एके दिवशी तिने मला विचारले, “ताई, नव्वद परत येतात म्हणतात, मग ते घरी का येत नाहीत?”

भगिनींनो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. नवरा खोटे बोलत नव्हता. शंभराला नव्वद हा आकडा खरा आहे. आणि तिचेही खरे होते, घरी काही येत नव्हते. दोघांचेही खरे कसे, हे ज्या दिवशी घरोघरी कळेल, त्या दिवशी या खेळाची अर्धी भूल उतरेल, असे मला वाटते.

आधी हा नव्वदाचा आकडा आला कुठून ते पाहू. मटका आपल्या खेड्यात जन्मला नाही. तो मुंबईहून आला. मुंबईत पूर्वी ‘आकडा’ नावाचा जुगार चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना काय भाव होता आणि बंद होताना काय भाव होता, हे तारायंत्राने मुंबईच्या कापूस बाजारात कळे, आणि त्या भावातल्या आकड्यांवर लोक पैजा लावीत. १९६१ साली ते भाव येण्याचे बंद झाले. कापूस गेला, पण पैजेची चटक राहिली. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि १९६४ साली रतन खत्री यांनी वेगळा, असा मटका सुरू केला. मातीच्या मडक्यातून चिठ्ठी काढीत म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके जाऊन पत्ते आले, पण नाव तेच राहिले. गिरणगावातल्या कामगारांचा पगार त्यात गेला, आणि तेथून तो जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत पोचला. आजही मटकेवाले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ म्हणतात, ते त्या कापूस बाजाराच्या उघडण्या-मिटण्याचे शब्द आहेत. गंमत पाहा, कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखात कापसाच्या भावाचा खेळ आला तो कापसाशिवाय!

त्याची रीत अशी. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेतला शेवटचा आकडा घ्यावयाचा. समजा ४, ६ आणि ९ आले. बेरीज १९, म्हणून आकडा ९. हा झाला ओपन. काही वेळाने पुन्हा तीन पत्ते, त्यांचा आकडा तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. आकडे शून्यापासून नऊपर्यंत, म्हणजे दहा. तुमचा एक आकडा लागला तर साधारणपणे नऊपट मिळतात. दहा रुपयांचे नव्वद. जोड्या शंभर आहेत. जोडी लागली तर साधारण नव्वदपट. ठिकाणागणिक भावात थोडा फरक असतो, पण धोरण हेच.

आता चुलीपुढे बसून करता येईल असा एक प्रयोग सांगते. पैसे घेऊ नका, नाहीतर लोक म्हणतील की महिला मंडळातच जुगार सुरू झाला! चिंचोके घ्या. दहाजणी गोल बसा. प्रत्येकीला दहा चिंचोके. एकूण झाले शंभर. प्रत्येकीने शून्य ते नऊ यांपैकी एकेक वेगळा आकडा घ्यावा. एका मुलीला दहा चिठ्ठ्यांतून एक काढायला सांगा. प्रत्येक डावाला प्रत्येकीने एक चिंचोका मध्ये ठेवावा. मध्ये जमले दहा. जिचा आकडा निघेल तिला नऊ द्या आणि उरलेला एक बाजूच्या डब्यात टाका. बस्स, एवढाच खेळ. हाच मटका, आणि हेच ते शंभराला नव्वद.

पहिल्या डावाकडे नीट पाहा. शेकडा नव्वद परत मिळतात याचा अर्थ आपण असा करतो की प्रत्येकीला रुपयातले नव्वद पैसे मिळतील. पण गोलात बसलेल्या एकीच्या तरी हातात नव्वद पैसे आले काय? नऊजणींच्या हाती आले शून्य, आणि एकीच्या हाती आले नऊ. नव्वद पैसे कोणालाच मिळाले नाहीत! नव्वद ही सरासरी आहे, आणि सरासरी ही कोणाच्याही पदरात पडणारी वस्तू नव्हे. जोडीचा खेळ घेतला तर नव्याण्णवजणी रिकाम्या आणि एकीला नव्वद. टक्के तेच, रिकाम्या ओंजळी मात्र अकरापट. तेव्हा कोणी टक्के सांगितले की पहिला प्रश्न विचारावा: हे नव्वद किती जणांत वाटले जातात?

आता डाव पुढे चालू द्या. कोणाजवळचे संपले तर तिने शेजारणीकडून उसने घ्यावे. खऱ्या आयुष्यातही तसेच होते. दर डावाला डब्यात एक चिंचोका पडतो. कोणी जिंको, कोणी हरो, डब्याला त्याचे सोयरसुतक नाही. दहा डावांनी डब्यात दहा. पन्नास डावांनी पन्नास. नव्वद डाव झाले की डब्यात नव्वद आणि दहाजणींत मिळून उरले फक्त दहा. पुढचा डाव मांडायलाही आता जेमतेम पुरतील एवढे. एवढ्या वेळात कोणी खोटेपणा केला? नाही. चिठ्ठी काढणारी मुलगी लबाड होती? नाही. प्रत्येक डावाला शंभराला नव्वद या प्रमाणात परत मिळाले काय? अगदी चोख मिळाले. तरी शंभरातले नव्वद आज डब्यात आहेत.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. परत येतात ते नव्वद घरी आणण्यासाठी येत नाहीत. पुन्हा लावण्यासाठी येतात. टक्के असतात ते फिरविलेल्या पैशावर, घरून नेलेल्या पैशावर नव्हेत. शंभर रुपये लावले, सरासरीने नव्वद आले. नव्वद लावले, एक्याऐंशी आले. मग सुमारे त्र्याहत्तर, सहासष्ट, एकोणसाठ, त्रेपन्न. सातव्या फेरीला अठ्ठेचाळीस. म्हणजे सात फेऱ्यांत निम्म्याहून अधिक गेले. दहाव्या फेरीला उरतात पस्तीस, विसाव्या फेरीला बारा. आपल्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. दूध आटताना कसे दिसते ते तुम्हांला मी सांगावयास नको. एका उलथण्याने दूध आटत नाही. हलवीत राहिले की आटते. पैशाचेही तसेच. फरक एवढाच की दूध आटले तर कढईत खवा राहतो, आणि पैसा आटला तर नुसती कढई राहते.

येथे कोणी म्हणेल, “पण कधी ना कधी आपली पाळी येणारच की!” ही पाळीची कल्पना आपण आणली कोठून? मला वाटते, आपल्या भिशीतून. भिशीतही चिठ्ठीच काढतात. दहाजणी दरमहा हजार रुपये घालतात, जिची चिठ्ठी निघेल ती दहा हजार घेते. पण भिशीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, मध्ये जमलेले सगळेच्या सगळे वाटले जाते. डबा कोणाचाच नसतो. भिशीचे टक्के शंभराला शंभर. दुसरी, आणि ही फार महत्त्वाची, जिचे नाव निघाले तिची चिठ्ठी बाजूला काढतात. म्हणून दर महिन्याला चिठ्ठ्या कमी होतात, आणि जिचे नाव अजून निघाले नाही तिची पाळी खरोखरच जवळ येते. मटक्यात काढलेला आकडा पुन्हा मडक्यात जातो. उद्याही आकडे दहाच. काल सात आला म्हणून आज सात येणार नाही असे नाही. महिनाभर तीन आला नाही म्हणून उद्या तो येईल असेही नाही. मडक्याला कालची आठवण नसते. जो भिशीच्या आशेने मटका खेळतो, तो न येणाऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभा आहे.

हिशेबच मांडावयाचा तर असा. एखाद्याने दहा दिवस एकच आकडा धरला. दहा आकडे, दहा दिवस, म्हणजे एकदा तरी लागणार, असे त्याला वाटते. वस्तुतः असे शंभरजण खेळले तर त्यांतल्या सुमारे पस्तीसजणांना दहाही दिवस कोरडे जातात. आणि काहीजण तर म्हणतात, “न लागला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावावयाचे, लागला की सगळे वसूल.” ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण दहा रुपयांपासून दुप्पट करीत चला: दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ. दहाव्या दिवशी लावावे लागतात पाच हजार एकशे वीस, आणि तोवर एकंदर गेलेले असतात दहा हजार दोनशे तीस. दहा रुपयांच्या करमणुकीला दहा दिवसांत दहा हजार! शंभरातल्या त्या पस्तीसजणांच्या घरी त्या रात्री काय होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. दागिना गहाण पडतो तो बहुधा अशाच अकराव्या दिवशी.

मी आतापर्यंत धरून चालले की चिठ्ठी प्रामाणिकपणे निघते. पण मटक्यात आकडा काढणारा हात आणि पैसे घेणारा हात एकाच बाजूचे. कोणत्या आकड्यावर लोकांनी कमी लावले आहे हे त्याला ठाऊक असू शकते, आणि त्याची वही तपासणारा कोणी नाही, कारण धंदाच कायद्याबाहेरचा. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. तेव्हा नव्वद हा प्रामाणिक मटक्याचा आकडा समजा. त्याहून अधिक चांगल्याची आशा धरू नका.

मटका झाला. आता यंत्राकडे वळू, कारण यंत्राला लोक मटक्याहून सभ्य समजतात. आपल्यापैकी काहीजणींची मुले गोव्याला सहलीला जातात. पणजीला मांडवी नदीत दिव्यांनी झगमगणारी मोठी जहाजे उभी असतात, तेच कॅसिनो. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास मुभा मिळाली. पुढे १९९६ साली जहाजांवरच्या खेळांनाही मिळाली. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, परंतु तो कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ साली तो रद्दच झाला.

या यंत्राला स्लॉट मशीन म्हणतात. अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन चाकांचे ‘लिबर्टी बेल’ यंत्र केले, तेथून ही जात वाढली. नाणे टाकावे, दांडा ओढावा, चाके फिरावीत आणि तीन सारखी चित्रे आली की पैसे खळखळत खाली पडावेत. आजच्या यंत्रात चाके नुसती दिसायला आहेत. कळ दाबता क्षणीच आतला संगणक एक आकडा काढतो आणि निकाल ठरतो. चाके फिरतात ती आपल्याला दाखविण्यापुरती. शंभर रुपयांमागे सरासरीने किती परत द्यावयाचे, हे प्रमाण यंत्रात आधीच बसविलेले असते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात ते शेकडा पंचाहत्तरांहून कमी असू नये असा नियम आहे. न्यूजर्सी राज्यात त्र्याऐंशींहून. प्रत्यक्षात पुष्कळ यंत्रे नव्वदाहून अधिक परत देतात.

म्हणजे यंत्र मटक्याहून उदार झाले की! असे वाटते खरे. पण पुन्हा हिशेब मांडा. समजा यंत्र शंभराला पंचाण्णव परत देते. एक मनुष्य हजार रुपये घेऊन बसला. एका वेळी दहा रुपये, मिनिटाला दहा वेळा कळ दाबली. तासाला सहाशे वेळा. म्हणजे त्या तासात त्याने फिरविले सहा हजार रुपये. सहा हजारांवर शेकडा पाच, म्हणजे तीनशे रुपये. आणले होते हजार. एका तासात सरासरीने गेले तीनशे. आणि तो मनात म्हणत असतो, “हजाराचे शेकडा पाच, पन्नास रुपये जातील फार तर!” आता मटका घ्या. दिवसाला दहा रुपये ओपनला, दहा क्लोजला. फिरले वीस, शेकडा दहाप्रमाणे गेले दोन. टक्क्याने वाईट असलेला मटका दिवसाला दोन रुपये नेतो, आणि टक्क्याने चांगले असलेले यंत्र तासाला तीनशे नेते. म्हणून एकट्या टक्क्यावर भुलू नये. टक्के किती, एका वेळी लावतो किती आणि तासाला फेऱ्या किती, या तिहींचा गुणाकार म्हणजे खरा खर्च. दळणाला घट किती धरतात एवढे विचारून भागत नाही. दिवसाला किती वेळा गिरणीवर जाता, हेही पाहावयास हवे.

यंत्राची आणखी एक खुबी आहे. दहा लावले आणि चार परत आले, तरी ते दिवे लावते, घंटा वाजवते. सहा रुपये गेल्याची वाजंत्री! तीनपैकी दोन चित्रे जुळतात आणि तिसरे एका घराने चुकते, मनुष्य हळहळतो, “थोडक्यात हुकले.” वस्तुतः थोडक्यात असे काही नसते. हुकले ते हुकले. दोन बोटांनी हुकले काय आणि दोन कोसांनी काय, यंत्राला ते सारखेच. आणि बराच वेळ न दिलेले यंत्र ‘भरले’ आहे, आता ते देईलच, ही समजूतही मटक्यातल्या पाळीसारखीच. यंत्रालाही कालची आठवण नसते.

कोणी म्हणेल, गोवा लांब, यंत्रे हॉटेलांत, आपल्या ईटला त्याचे काय? पण यंत्र आता गोव्यात राहिले नाही. मोबाईल हेच यंत्र झाले. फिरणारी चाके, पत्ते, उडणारी विमाने, सगळे तळहातावर आले. मटक्याच्या टपरीवर जाताना गाव पाहत होते. मोबाईलवर रात्री पांघरुणात कोणी पाहत नाही. आणि मटका दिवसाला दोनदा निघे, हा मिनिटाला दहादा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, हे फार चांगले झाले. परंतु कायद्याने दार लावले तरी खिडक्या शोधणारे असतातच. मटक्याचा कायदा तर सव्वाशे वर्षांहून जुना आहे. म्हणून घरात हिशेब कळणारे कोणीतरी असावेच लागते.

सरकारी सोडतीलाही हाच हिशेब लावून पाहावा. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. ती कायदेशीर आहे, जाहीर आहे, म्हणून तिचे गणित करणे सोपे. सगळ्या बक्षिसांची बेरीज करा, तिला सगळ्या तिकिटांच्या किमतीने भागा; रुपयातले किती पैसे परत वाटले जातात ते निघेल. शाळेतल्या मुलामुलींना हे गणित घालावे. चौथी-पाचवीतल्या मुलीलाही ते जमते, आणि एकदा स्वतः सोडविले की ती जन्मभर विसरत नाही.

भगिनींनो, हा प्रश्न काही आजचा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अक्षसूक्त आहे. त्यात फाशांनी बुडालेला जुगारी स्वतःची करुण कहाणी सांगतो. त्याची बायको दुरावली आहे, आई कष्टी आहे, कोणाला त्याची दया येत नाही. आणि शेवटी त्याला उपदेश काय, तर फासे टाकू नकोस, आपली शेती कर. इतक्या हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आपल्या भूमीत अजून ताजा आहे. आणि महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न केला, तो मला नेहमी सर्वांत मोठा वाटतो. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो कोठून? भीष्मासारख्यालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आपल्या घरात जेव्हा दुधाचे बिल, ऊसतोडीची उचल, मुलीच्या फीचे पैसे आकड्यावर जातात, तेव्हा तेच घडत असते. जे त्याचे एकट्याचे नव्हे, ते तो पणाला लावतो. पहाटे उठून धार काढणारी, कोयत्याबरोबर जाणारी बाई त्या पैशात अर्ध्याची धनी आहे, हे आधी तिने स्वतः मानावयास हवे.

मग करावे काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही. चार लहान सांगते.

पहिली, वही. एका वहीत दोन रकाने आखा. घरून किती गेले आणि घरी किती आले. लागले किती, हुकले किती, हे लिहूच नका. जुगाऱ्याला जिंकलेला दिवस आठवतो, हरलेले दिवस विसरतात. वही विसरत नाही. महिन्याच्या शेवटी न भांडता वही समोर ठेवा. भांडणाला उत्तर देता येते. बेरजेला देता येत नाही.

दुसरी, खाते. दुधाचे बिल, मजुरी, बचत गटाचे पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात यावेत असा आग्रह धरा. मोबाईलवरून पैसे पाठविण्याचा जो गुप्त आकडा असतो तो स्वतःजवळ ठेवा. यात नवऱ्यावर अविश्वास नाही. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवतो तो मांजराचा अपमान नव्हे.

तिसरी, कर्ज. “एकदाच दे, सगळे वसूल करून आणतो,” असे कोणी म्हणाले तर चिंचोक्यांचा डबा आठवा. वसुलीसाठी लावलेला पैसाही त्याच नव्वदाच्या गिरणीत जातो. बचत गटाचे कर्ज या कामासाठी कधीही उचलू नका. आणि हेही ठाऊक असू द्या की १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही. धमकी देऊ लागला तर पोलिसांत जावे, एकटीने नव्हे, मंडळाच्या चौघींना बरोबर घेऊन.

चौथी, माया. जुगाराची चटक पक्की झाली की ती व्यसनासारखी होते. नुसत्या शपथांनी सुटत नाही. अशा माणसाला चारचौघांत टाकून बोलू नये, डॉक्टरांना दाखवावे. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते. हरल्याच्या लाजेने जीव द्यावयास निघणारी माणसेही असतात. त्या रात्री त्याला “पैसे गेले तर गेले, तुम्ही हवेत,” एवढे वाक्य ऐकू येणे आवश्यक असते. हिशेब दुसऱ्या दिवशीही मांडता येतो.

आणि मंडळाला माझी एक सूचना आहे. हा चिंचोक्यांचा प्रयोग दर वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाड्या-वस्त्यांवर करून दाखवावा. त्याला खर्च नाही, व्याख्यान देणारी बाई लागत नाही, वाचता न येणाऱ्या आजीलाही तो समजतो. शेजारी आपल्या बचत गटाचा डबा ठेवावा. दोन्ही डबे दिसायला सारखेच. दोन्हींत दर वेळी थोडे थोडे पडते. पण एका डब्यातले पुन्हा आपल्याच घरी येते, मुलीच्या शिक्षणाला, म्हशीच्या खरेदीला, दवाखान्याला. दुसऱ्यातले कोठे जाते ते कोणालाच दिसत नाही. डबा पाहून भुलू नये, त्याचे झाकण कोणाच्या हातात आहे ते पाहावे.